दारांचा राग

घरांतील माणसांचे स्वभाव ओळखण्यास पत्रिकेची गरज नसते. कोण दार कसें लावतें एवढें ऐकलें म्हणजे पुरे, असें आमचे वडील म्हणत असत. त्यांच्या या सिद्धान्तावर आमचा इतका विश्वास होता कीं, तो एकदां तपासून पाहावा असें पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या मनांतहि आलें नाहीं. गेल्या वर्षीं पावसाळ्यांत तो प्रसंग आला, आणि त्या तपासणींत आमचें एकत्र कुटुंब मोडतां मोडतां वांचलें. हकीकत आहे स्वयंपाकघरांतील कपाटांच्या दारांची. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एकाच ओट्यावरचें अन्न खातात त्या घरांत क्षुल्लक असें फार थोडें असतें, हें आमच्या वाचक-भगिनींस तरी सांगावयास नको.

आमचें मूळ घर पुण्यांत शनिवार पेठेंत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पेठांत शिरलें, त्या वेळीं आमच्या वाड्याचा खालचा मजला पाण्याखालीं गेला होता. तरी वाडा उभा राहिला. त्या वाड्याच्या स्वयंपाकघरांत भिंतींतच बसविलेलें एक फडताळ होतें. दोन सागवानी झडपा, लोखंडी बिजागऱ्या आणि वर एक कडी. आमची आजी त्यांत विरजणाचें भांडें व लोणच्याच्या बरण्या ठेवी. ती कितीहि रागावली आणि झडप तिनें कितीहि जोरानें लोटली, तरी 'धप्' असा एक बसका आवाज होई व तो तेथल्या तेथें जिरून जाई. आजी मोठी शांत स्वभावाची, असें आम्ही समजत आलों. त्या शांतपणाचें अर्धें श्रेय हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीला द्यावयास हवें होतें, हें आम्हांस आतां कळलें.

वाडा पाडून २०११ सालीं तेथें इमारत उभी राहिली, आणि आम्हां दोघां भावांस एकाच मजल्यावर लागून दोन सदनिका मिळाल्या. मधल्या भिंतींत एक दार पाडून आम्हीं दोन्हींचें एक घर केलें. स्वयंपाकघर अर्थातच एक. आई, आम्ही उभयतां, धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि तीन मुलें अशीं आठ माणसें. ओट्याच्या वर व खालीं नव्या पद्धतीचीं प्लायवूडचीं कपाटें केलीं. त्यांना एकंदर चौदा दारें. पहिलीं कांहीं वर्षें तीं दारें गुणी मुलांसारखीं वागलीं. पुढें एकेक उतरूं लागलें, एकेक कुरकुरूं लागलें. पण दारें आहेत तोंवर वाजावयाचींच, असें म्हणून कोणीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

गेल्या वर्षीं मार्चांत आई न्हाणीघरांत घसरून पडली व तिच्या खुब्याचें हाड मोडलें. वय चौऱ्यायशीं. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. पण पुढें कित्येक आठवडे तिला आधारावांचून उठतां येणार नव्हतें. हांकेच्या अंतरावर असावी या हेतूनें तिचा पलंग स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलींत हलविला. तिची उशी ज्या भिंतीला टेकली होती त्याच भिंतीच्या पलीकडच्या अंगाला वरचीं कपाटें स्क्रूनीं जखडलेलीं होतीं. ही गोष्ट आमच्यापैकीं कोणाच्याहि ध्यानांत आली नाहीं.

दुखण्यानें आईची झोप उडाली. रात्रीं दोन-अडीचला कोठें डोळा लागे. आणि पांचाच्या ठोक्याला भिंतीपलीकडे दारें वाजूं लागत. त्या वेळीं ओट्यापाशीं आमची धाकटी भावजय असे. ती शाळेंत शिकविते, आणि शाळा सकाळची. पांच ते सव्वासहा एवढ्या वेळांत सर्वांचा चहा, पांच डबे आणि आईची पेज आटोपून तिला घराबाहेर पडावें लागे. पुढचा दिवसभर घर आणि आईचें आजारपण आमच्या सौभाग्यवती पाहत. वांटणी न्यायाची होती. निदान आम्हां पुरुषांस तशी वाटत होती; कारण आमच्या वांट्याला तिच्यांत कांहींच आलेलें नव्हतें.

"आज कोणावर राग आहे हिचा?" असें आई सकाळीं सकाळीं विचारी. पहिले कांहीं दिवस सौभाग्यवती म्हणत, "आई, घाई असते तिला." पुढें त्यांनीं उत्तर देणें सोडलें. दार जोरानें लागलें कीं आम्ही सारेच एकमेकांकडे पाहूं लागलों. वडिलांचा सिद्धान्त हाताशीं होताच. धाकटीला हें कळत नसेल असें नाहीं. परंतु जो आरोप कोणीं तोंडावर केलेला नाहीं त्याचें निवारण तरी करावें कसें? ती अधिकच अबोल झाली, आणि तिचा अबोलाहि आम्हीं रागाचाच पुरावा धरला.

जुलै महिन्यांत एके सकाळीं आई तिला म्हणाली, "सूनबाई, माझें करण्याचा कंटाळा आला असेल तर तोंडानें सांग हो. दारांकडून कशाला सांगतेस?"

धाकटी एक शब्द बोलली नाहीं. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर धाकटा भाऊ आमच्याकडे येऊन बसला. "दादा, आमच्या बाजूला एक लहानसा ओटा घालून घ्यावा म्हणतों," तो म्हणाला. "तिला सकाळचें सोयीचें होईल. मधलें दार राहीलच." मधलें दार राहील, हें त्यानें दोनदां सांगितलें.

वेगळी चूल म्हणजे काय, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास समजावून द्यावें लागत नाहीं. रात्रभर आम्हीं मनांतल्या मनांत एक उपदेशपर भाषण जुळविलें. वडिलांचें नांव, आईचें वय, थोरल्या भावाचा अधिकार हें सर्व त्यांत होतें. पहांटे पांचाला धाकटीला तें ऐकवावयाचें असें ठरवून उठलों, तों तिला ताप भरला होता व ती अंथरुणावरून उठलीच नव्हती. सौभाग्यवती रात्रभर आईजवळ जागून नुकत्याच कलंडल्या होत्या. भाषण ऐकावयास कोणी नाहीं आणि चहा करावयासहि कोणी नाहीं, अशा स्थितींत आम्हीं ओट्याचा ताबा घेतला.

एक लाजेची गोष्ट कबूल केली पाहिजे. या घरांत आम्ही एका तपाहून अधिक काळ जेवत होतों; पण त्या कपाटांचीं दारें पहांटेच्या घाईंत एकामागून एक उघडण्याचा प्रसंग आमच्यावर कधीं आला नव्हता. चहाचा डबा वरच्या डावीकडच्या कपाटांत, साखर खालच्या उजवीकडच्या कपाटांत, मुलांचे डबे खालच्या ट्रॉलींत आणि त्यांचीं झांकणें भलत्याच ठिकाणीं. एका हातांत दुधाचें पातेलें, दुसऱ्यांत गाळणें. वरचें दार उघडें ठेवावें तर त्याचा कोपरा कपाळावर बसतो. म्हणून तें कोपरानें लोटावयाचें. पावसाळ्यानें फुगलेलें दार प्रथम चौकटीला अडतें. म्हणून जरा जोर करावयाचा. जोर केला कीं अडलेलें दार एकदम सुटतें, बिजागरींतील स्प्रिंग त्याला पुढें ओढते, शेवटच्या बोटभर अंतरांत आंतलें लोहचुंबक त्याला खेंचून घेतें, आणि 'फाट्' असा आवाज उठतो. पाव तासांत आम्हीं किती दारें आपटलीं याची मोजदाद आम्हीं ठेवली नाहीं. ती आईनें ठेवली होती.

"सूनबाई, आज तर कहरच केलास हो!" आंतून आवाज आला.

"आई, ती नाहीं. तिला ताप आहे. मी आहें."

आई क्षणभर थांबली व म्हणाली, "मग तूं कोणावर रागावला आहेस?"

"कोणावरहि नाहीं," आम्ही म्हणालों.

बराच वेळ आंतून शब्द आला नाहीं. नंतर "चहांत आलें घाल," एवढेंच ती म्हणाली. चहाचा पेला हातांत घेतांना तिनें विचारलें, "तिला ताप किती आहे?" रात्रभर जुळविलेलें भाषण आम्हांस त्यानंतर कधीं आठवलें नाहीं.

त्या रविवारीं आम्हीं स्क्रूड्रायव्हर काढला व धाकट्या भावाला हांक मारली. दोघेहि पदवीधर; पण बिजागरी म्हणजे काय वस्तु आहे हें दोघांनींहि त्या दिवशीं प्रथमच पाहिलें. ज्यांच्या घरीं असाच त्रास असेल त्यांच्या उपयोगाकरितां आमचा अनुभव थोडक्यांत देतों.

दाराचा आवाज हा एक आवाज नसतो. तीन-चार निरनिराळ्या आवाजांची ती भेसळ असते, आणि प्रत्येकाचें औषध वेगळें. पहिला आवाज दार घासण्याचा. हल्लींच्या कपाटांस जी आंतल्या अंगाची, ३५ मिलिमीटर व्यासाच्या वाटीची बिजागरी असते, तिला दार जागेवर आणण्यासाठींच कांहीं स्क्रू दिलेले असतात. त्यांपैकीं एकानें दार डावें-उजवें सरकतें, दुसऱ्यानें मागें-पुढें, आणि बैठकीचे स्क्रू सैल करून वर-खालीं. पाव फेरा, अर्धा फेरा असें करीत उतरलेलें दार सरळ होतें. ज्या स्क्रूचें भोंकच मोठें झालें असेल त्यांत आगपेटीच्या काडीचे तुकडे सरस लावून ठोकावे आणि सरस वाळल्यावर स्क्रू पुन्हां आवळावा. फुगलेल्या दाराला मात्र भर पावसाळ्यांत रंधा मारूं नये. थंडींत लाकूड आटलें म्हणजे तेथें फट पडते. दसरा-दिवाळीपर्यंत धीर धरावा, आणि मग उघड्या पडलेल्या कडांना रंग किंवा पट्टी लावून ओल शिरण्याची वाट बंद करावी.

दुसरा आवाज आपटण्याचा. बिजागरीपासून जी कड सर्वांत दूर, तिचा वेग सर्वांत अधिक. म्हणून आघात तेथेंच होतो. त्या कडेच्या वरच्या व खालच्या कोपऱ्यांत आंतून नमद्याची किंवा मऊ रबराची एकेक पातळ टिकली चिकटविली. टिकली जाड असूं नये, नाहीं तर दार पुरतें मिटत नाहीं. चिकटविण्यापूर्वीं तेथला तेलकटपणा साबणाच्या पाण्यानें पुसून जागा कोरडी केली पाहिजे. आम्हीं पहिल्या आठ टिकल्या तशाच लावल्या आणि तिसऱ्या दिवशीं त्या डाळीच्या डब्यांत सांपडल्या. स्प्रिंगची बिजागरी दार मिटलेलें धरून ठेवण्यास समर्थ असतां वर लोहचुंबक लावण्याचें कारण नव्हतें. तीं काढून टाकलीं. ज्या चार दारांना सकाळीं सारखे हात लागतात त्यांना मात्र हळू मिटणारे दट्टे बसविले. बारीक नळींत तेल असतें आणि दट्ट्यानें दाबलें म्हणजे तें अरुंद वाटेनें निसटतें. दार हळू येत असेल तर त्याला विरोध थोडा, वेगानें येत असेल तर फार. रागावलेल्या माणसाशीं वागण्याची ही रीत त्या इवल्याशा नळीला साधली आहे, याचें आम्हांस कौतुक वाटलें.

तिसरा आवाज कुरकुरण्याचा. कोरड्या बिजागरींत धातु धातूला क्षणभर चिकटतो व क्षणभर सुटतो. सारंगीच्या तारेवर गज फिरतांना जें होतें तेंच येथें होतें, फक्त सूर वाईट. आमच्या घरीं असल्या ठिकाणीं खोबरेल सोडण्याची परंपरा होती. परंतु खोबरेल साधारण २४ अंशांच्या खालीं गोठतें हें पुण्याच्या थंडींत प्रत्येक घरांतील बाटली सांगते. आणि स्वयंपाकाचीं इतर तेलें हवेनें चिकट होऊन त्यांवर पिठाची पुटें चढतात. जुनें तेल पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला, कीं काम भागतें.

उरला घुमण्याचा आवाज. प्लायवूडचें पोकळ कपाट म्हणजे तंबोऱ्याचा भोपळाच. लहानसा आघातहि तें मोठा करून दाखवितें, आणि भिंतीला आवळलेलें असलें म्हणजे तो आघात भिंतीच्या स्वाधीन करतें. आजीच्या फडताळाचा आवाज जाड भिंत गिळीत होती. आमची चार इंची भिंत तो पलीकडच्या उशीपर्यंत पोंचवीत होती. वरच्या कपाटांचे स्क्रू सैल करून मागें रबराच्या चकत्या घातल्या, आणि ताटें ज्या ट्रॉलींत खणखणत तिच्यांत रबरी जाळीचें अंथरूण घातलें. पण सर्वांत मोठा गुण कशानें आला म्हणाल, तर आईचा पलंग समोरच्या भिंतीकडे सरकविल्यानें. त्याला दोन माणसें आणि दहा मिनिटें लागलीं. चार महिने हें कोणाला सुचलें नव्हतें. कारण आवाजाचें मूळ आम्ही भिंतींत शोधीत नव्हतों, सुनेच्या मनांत शोधीत होतों.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी वस्तींत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गणेशोत्सवांत या आंकड्याची चर्चा आम्हीं पुष्कळ केली आहे. पहांटे पांचाला पांच डबे भरणाऱ्या बाईसाठीं असा कांहीं नियम नाहीं, आणि असता तर तो मोडल्याचा दोषहि तिच्याच माथीं गेला असता.

दारें गप्प झाल्यावर आठ-दहा दिवसांनीं आम्ही धाकटीला थोड्या अभिमानानेंच म्हणालों, "पाहा, सगळा दोष दारांचा होता."

ती ताटें पुशीत होती. "सगळा नव्हता हं, दादा," ती म्हणाली. "कांहीं कांहीं दिवशीं मी मुद्दामच आपटत असें."

"आईवर रागावून?"

"आईंवर नाहीं, वहिनींवर नाहीं. अंधारांत एकटीनें उठायचें आणि बाकीचीं खोल्यांचीं दारें लावून झोपलेलीं. कोणाला तरी ऐकूं जावें, असें वाटे."

या भोंकांत ठोकावयास आमच्याजवळ आगपेटीची काडी नव्हती. वडिलांचा सिद्धान्त अगदींच खोटा नव्हता, एवढें खरें. दार बोलत होतें, पण तें जें बोललें तें आम्ही चुकीचें वाचीत होतों. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा व मुलांचे डबे आम्हांकडे आले, आणि पेज धाकट्या भावाकडे. त्याची पेज आरंभीं पातळ होई. आईनें त्याविषयीं एकदांहि तक्रार केली नाहीं. भाजी-पोळी अजून धाकटीच करते. पण आतां ओट्यापाशीं त्या वेळीं तीन माणसें असतात, व एकाच्या हातांत पातेलें असलें कीं दुसरा दार लावतो. वेगळ्या ओट्याची गोष्ट कोणीं मोडीत काढलेली नाहीं. तशी ती पुन्हां कोणीं काढलीहि नाहीं.

एक अडचण मात्र आम्हांस अपेक्षित नव्हती. आई आतां चौपायी काठी घेऊन घरांतल्या घरांत फिरते. तिची दृष्टि मंद झाली आहे, भिंतीवरचें घड्याळ तिला दिसत नाहीं. एके दिवशीं ती म्हणाली, "दारें वाजत नाहींत हें फार छान झालें रे. पण जाग आली म्हणजे घर उठलें कीं नाहीं, तें कळत नाहीं. मग पडून राहावेंसें वाटत नाहीं, आणि उठावेंसेंहि वाटत नाहीं."

आम्ही दोघे भाऊ यावर घंटा वाजविणारें घड्याळ आणावें काय, याचा विचार करूं लागलों. धाकटीनें तो प्रश्न परस्पर सोडविला. पहांटे पांचाला ओट्याचा दिवा लावण्यापूर्वीं ती आईच्या खोलीच्या उंबऱ्याशीं जाते आणि म्हणते, "आई, उठलें हं मी. चहा होतो आहे." आई जागी असली तर "बरं हो" म्हणते. पुष्कळदां ती गाढ झोपेंत असते आणि उत्तर येत नाहीं. तरी धाकटी तें वाक्य म्हणते. त्या दिवशीं थोडें हळू.